ओळीच्या शेवटी 'प्रेझेंट' कुठं तोडायचा? डीटीपीवाल्यांनी आणि इंग्रजीवाल्यांनी सांगा

नवीपेठ_डीटीपी

नमस्कार मंडळी. सोलापुरात नव्या पेठेच्या मागं डीटीपीचं काम करतो, पत्रिका, अहवाल, स्मरणिका, जे येईल ते. सध्या डॉक्टर लोकांच्या एका परिषदेची स्मरणिका हातात आहे, आतले शोधनिबंधांचे सारांश सगळे इंग्रजीत, पानाला तीन कॉलम, त्यामुळं कॉलम एकदम अरुंद आणि इनडिझाइन (पानं लावायचं सॉफ्टवेअर) दर चार-पाच ओळींना एखादा शब्द तोडून हायफन टाकतंय. ते एरवी चालतं, पण प्रूफ तपासणाऱ्या मॅडमनी एकाच शब्दाला जागोजागी लाल गोल करून दिलेत, तो शब्द म्हणजे प्रेझेंट. आणि डॉक्टरी मजकुरात हा शब्द किती येतो ते टाइप करणाऱ्यालाच माहीत, 'द प्रेझेंट स्टडी', 'फीव्हर वॉज प्रेझेंट', 'वुई प्रेझेंट अ केस', एकाच सारांशात सगळे प्रकार सापडतात.

सॉफ्टवेअरनं सगळीकडं तो एकाच जागी तोडलाय, पी-आर-ई-एस वरच्या ओळीत आणि ई-एन-टी खाली (स्पेलिंग मराठीतच फोडून लिहितोय, समजून घ्या). मॅडमनी 'प्रेझेंट स्टडी'तला तसाच ठेवला आणि 'वुई प्रेझेंट अ केस'मधला एस खाली ढकलायला सांगितला, म्हणजे वर पी-आर-ई आणि खाली एस-ई-एन-टी. फोन करून विचारलं तर म्हणाल्या दोन्ही बरोबर आहेत, अर्थ बघून तोडा. आता शब्द तोच, स्पेलिंग तेच, मग तोडायची जागा अर्थावर कशी काय ठरते ओ? कुणी नीट समजावून सांगितलं तर लई बरं होईल, अजून बरीच पानं बाकी आहेत आणि प्रत्येक वेळी मॅडमना विचारत बसणं बरं दिसत नाही.

होटगीरोडकर

मालक एवढं कशाला, पॅराग्राफ पॅनेलमधला हायफनेटचा टिक काढून टाका की, विषय संपला. कोण बघतंय शब्द कुठं तुटलाय. 'प्रेझेंट-डे' असल्या जोडशब्दातला हायफन वेगळा, तो शब्दाचाच भाग आहे, तो तेवढा हलवू नका म्हणजे झालं.

नवीपेठ_डीटीपी

टिक काढून बघितला. मजकूर दोन्हीकडून जस्टिफाय आहे, कॉलम अरुंद, आणि त्यात 'इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री' असला शब्द आला की तो अख्खा खाली जातो आणि वरच्या ओळीत तीन शब्द उरतात, त्यांच्या मधे एवढी मोठी भगदाडं की पान फाटल्यासारखं दिसतं. लेफ्ट अलाइन करू का विचारलं तर समितीला ते मान्य नाही. त्यामुळं तोडणं आलंच, आणि तोडायचंच तर नीट तोडायचं. 'कोण बघतंय' हे मला पटत नाही, वाचणारा थांबून बघत नसेल पण अडखळतो नक्की. वरच्या ओळीतला अर्धा शब्द त्यानं आधीच मनात उच्चारलेला असतो, डोळा खाली येईपर्यंत तो चुकीचा निघाला की त्याला परत वर जावं लागतं.

मास्तर_इंग्रजीचे

तुमचं शेवटचं वाक्य हेच खरं उत्तर आहे, फक्त त्यामागचा नियम सांगतो. शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

प्रेझेंट हा दिसायला एक शब्द आहे पण बोलायला दोन आहेत. हजर या अर्थी, चालू या अर्थी आणि भेटवस्तू या अर्थी आघात पहिल्या भागावर येतो, प्रेझ्-न्ट. सादर करणे, पुढे ठेवणे, बहाल करणे या क्रियापदात आघात दुसऱ्या भागावर जातो, प्रि-झेन्ट. अमेरिकन पद्धतीत शब्द तोडताना उच्चाराचा विचार करतात. पहिल्या भागातला ऱ्हस्व स्वर जोर घेत असला की पुढचं व्यंजन त्यालाच चिकटतं, म्हणून विशेषण-नामात एस वर राहतो. क्रियापदात पहिला भाग नुसता प्रि असा उडता येतो आणि एस पुढच्या जोरकस भागाचा होतो, म्हणून तो खाली. मेरियम-वेबस्टर ही अमेरिकन डिक्शनरी उघडा, त्यात शब्दाच्या मधे जे ठिपके दिसतात ते ओळीच्या शेवटी कुठं तोडायचं त्याचेच असतात, आणि या शब्दाच्या नामाच्या नोंदीत ठिपका एसनंतर आहे, क्रियापदाच्या नोंदीत एसच्या आधी. मॅडम शंभर टक्के बरोबर आहेत.

असे शब्द बरेच आहेत. रेकॉर्ड नाम असेल तर आर-ई-सी वर तोडा, क्रियापद असेल तर आर-ई वर. डेझर्ट म्हणजे वाळवंट असेल तर एसनंतर, सोडून पळून जाणे असेल तर एसच्या आधी. रिफ्यूज म्हणजे नकार देणे, तो आर-ई वर तुटतो, पण रेफ्यूज म्हणजे कचरा, तो एफनंतर. मिनिट म्हणजे वेळ असेल तर एननंतर, आणि मायन्यूट म्हणजे अगदी बारीक, त्याचं स्पेलिंग तेच पण तो एम-आय वर तुटतो. हा शेवटचा तुमच्या डॉक्टरांच्या मजकुरात येणार म्हणजे येणार, लक्ष ठेवा.

आपल्याला हे जड जातं त्याचं कारण असं की आपण मराठी माणसं सगळ्याला एकच 'प्रेझेंट' म्हणतो. वर्गात 'प्रेझेंट सर', कॉलेजात प्रेझेंटी, पत्रिकेत 'प्रेझेंट आणू नये', ऑफिसात 'रिपोर्ट प्रेझेंट केला', सगळ्यांचा उच्चार एकच. मराठीत आघातानं अर्थ बदलत नाही, त्यामुळं कान तिकडं वळतच नाही. वर्गात मी पोरांना टाळी वाजवून म्हणायला लावायचो, नामाला टाळी आधी, क्रियापदाला नंतर. तुम्ही पण तोडायच्या आधी वाक्य एकदा मोठ्यानं म्हणून बघा. आधी 'टू' किंवा 'वुई' आलं असेल तर बहुतेक क्रियापद, 'द' किंवा 'वॉज' आलं असेल तर दुसरा.

आणखी एक, ब्रिटिश पद्धतीत उच्चारापेक्षा शब्दाची घडण जास्त बघतात. नॉलेज हा शब्द अमेरिकन लोक के-एन-ओ-डब्ल्यू-एल वर तोडतात आणि ब्रिटिश लोक 'नो' अख्खा ठेवून एल खाली नेतात. म्हणून कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा इंग्लिश यूएसए आहे की यूके ते आधी बघून घ्या आणि सगळ्या स्मरणिकेला एकच ठेवा, निम्मे सारांश एकीकडं आणि निम्मे दुसरीकडं असं होऊ देऊ नका.

पीजी_गायनॅक

सर, खूप छान सांगितलंत. डॉक्टरी बाजू मी थोडी जोडते, कारण आमच्याकडं या शब्दाला अजून एक अर्थ आहे आणि बाहेरच्या माणसाला तो चटकन लक्षात येत नाही. 'पेशंट प्रेझेंटेड विथ चेस्ट पेन' म्हणजे पेशंटनं काही सादर केलं नाही, तो छातीत दुखतंय ही तक्रार घेऊन आला. बाळंतपणात तर प्रेझेंटेशन म्हणजे बाळाचा कुठला भाग पुढं आहे ते, डोकं पुढं असेल तर सेफॅलिक आणि बाळ पायाळू असेल तर ब्रीच प्रेझेंटेशन. हे सगळे क्रियापदाकडचे. उलट 'एडिमा वॉज प्रेझेंट' म्हणजे सूज होती, हा हजर वाला. दादा, तुम्ही सारांश तोडताना 'विथ' दिसला की क्रियापद समजा, आमच्या मजकुरात शंभरातल्या नव्वद वेळा तसंच असतं.

टेकवाला_जुळेसोलापूर

हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे म्हणून लिहितो. कॉम्प्युटरनं शब्द कसा तोडावा यावर फ्रँक लियांग यांनी स्टॅनफर्डला डोनाल्ड कनूथ यांच्या हाताखाली प्रबंध केला, 1983 साली. कनूथ यांचं टेक नावाचं जे टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर आहे, ज्यावर आजचं लाटेक चालतं, त्यासाठीच हे काम होतं. त्या काळात मेमरी इतकी कमी की अख्खी डिक्शनरी आत घालता यायची नाही, म्हणून लियांगनी डिक्शनरीतून अक्षरांच्या जोडण्यांचे छोटे छोटे नमुने काढले, इथं तोडलं तर चालेल आणि इथं अजिबात नको असे आकडे लावलेले. इंग्रजीसाठी असे 4447 नमुने आहेत आणि तेवढ्यावर डिक्शनरीतले 89 टक्के हायफन बरोबर सापडतात, चुकीचा हायफन जवळजवळ येतच नाही. ओपनऑफिसपासून ब्राउझरपर्यंत बऱ्याच ठिकाणी आज हीच पद्धत वापरतात.

आता गंमत बघा, नमुन्यांनी काम भागत नाही असे शब्द वेगळे काढून एक अपवादांची यादी केलीय आणि त्यात फक्त 14 शब्द आहेत. त्या चौदात प्रेझेंट आहे, प्रेझेंट्स आहे, प्रोजेक्ट आणि प्रोजेक्ट्स पण आहेत. आणि या चौघांना यादीत एकही हायफन दिलेला नाही, म्हणजे टेक हे शब्द तोडतच नाही. कारण उघड आहे, तोडायची जागा अर्थावर अवलंबून आणि अर्थ कळायला वाक्य वाचावं लागतं, नमुन्याला वाक्य दिसत नाही, फक्त अक्षरं दिसतात. चुकीच्या जागी तोडण्यापेक्षा न तोडलेलं बरं हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, आणि तुम्ही पण तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

इनडिझाइनमध्ये करायचं असं. एडिटमध्ये स्पेलिंग, त्यात युजर डिक्शनरी उघडा, भाषा बरोबर निवडा आणि शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या आधी टिल्ड (ती लाटेसारखी खूण) लावून शब्द टाका. सुरुवातीला टिल्ड म्हणजे हा शब्द कधीच तोडू नको. मधे टिल्ड लावली तर तिथं तोडायला परवानगी. एखाद्या ठिकाणी तोडल्याशिवाय इलाजच नसेल तर तेवढ्या जागी कर्सर ठेवून कंट्रोल-शिफ्ट-हायफन दाबा, तो मर्जीचा हायफन असतो, शब्द ओळीच्या शेवटी आला तरच दिसतो, पुढं मजकूर सरकला की आपोआप गायब. साधा हायफन मात्र कधी हातानं टाकू नका, मजकूर हलला की तो ओळीच्या मधे येऊन बसतो आणि छापून झाल्यावर दिसतो.

काउंटर_नंबर_तीन

मी बँकेत आहे, डीटीपीतलं काही कळत नाही, पण प्रेझेंट शब्दात हायफनमुळं अर्थ बदलतो याचा नमुना आमच्याकडं रोजचा आहे म्हणून सांगते. चेक क्लिअरिंगला लावणे म्हणजे प्रेझेंट करणे. तो परत आला, समजा सही जुळली नाही किंवा खात्यात शिल्लक नव्हती, आणि पार्टीनं परत लावायला सांगितला की ते रि-प्रेझेंट, मधे हायफन. हायफन काढला की रेप्रेझेंट, म्हणजे प्रतिनिधी म्हणून उभं राहणे. कस्टमरच्या पत्रात 'प्लीज रेप्रेझेंट द चेक' असं सलग लिहून येतं, आम्ही समजून घेतो कारण संदर्भ ठाऊक असतो, पण पत्र लिहून देणाऱ्यांनी तेवढा हायफन टाकावाच. तसंच री-साइन म्हणजे परत सही करणे आणि रिझाइन म्हणजे राजीनामा, इथं हायफन विसरला तर भलतंच. (आणि चेक परत लावायचा असेल तर तारखेपासून 3 महिन्यांच्या आतच, 1 एप्रिल 2012 पासून मुदत तेवढीच आहे, आधी 6 महिने होती. लोक अजून जुन्या हिशोबानं येतात.)

टेकवाला_जुळेसोलापूर

वा, हे भारी. आणि यातून डीटीपीला एक अडचण निघते, ताई. 'रि-प्रेझेंट' हा तुमचा हायफनवाला शब्द नेमका त्या हायफनवरच ओळीच्या शेवटी तुटला, तर वाचणाऱ्याला कळणार कसं की तो हायफन शब्दाचा आहे की ओळीचा? तो त्याला सलग 'रेप्रेझेंट' समजून वाचेल. म्हणून असल्या ठिकाणी न तुटणारा हायफन टाकायचा, इनडिझाइनमध्ये कंट्रोल-ऑल्ट-हायफन. वर्डमध्ये मात्र न तुटणारा कंट्रोल-शिफ्ट-हायफननं येतो, दोन्हीकडं काम करणाऱ्यांचा इथं हमखास घोळ होतो.

कोर्टाजवळचा_टायपिस्ट

दस्तात पण हा शब्द आहे. मुखत्यारपत्राच्या सुरुवातीला 'नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स' असतं, त्यातला प्रेझेंट्स म्हणजे भेटवस्तू नाही आणि हजर माणसं पण नाहीत, 'हा दस्त' असा अर्थ. कॉलेजची पोरं टायपिंगला येतात तेव्हा हमखास विचारतात. उच्चार पहिल्यावर जोर देऊनच, म्हणजे मास्तरांच्या नियमानं एस वर.

मास्तर_इंग्रजीचे

अगदी बरोबर. आणि हे सगळे अर्थ एकाच घरातले आहेत. लॅटिनमध्ये मूळ अर्थ 'समोर असणं', त्यातून हजर आला आणि चालू काळ आला. जुन्या फ्रेंचमध्ये एखादी वस्तू कुणाच्या समोर ठेवणे असा वाक्प्रचार होता, त्यातून समोर ठेवलेली वस्तूच प्रेझेंट झाली, म्हणजे भेट. दस्ताचं तसंच, समोरचं हे लिखाण. डॉक्टरांचा पेशंट समोर येतो, बँकेत चेक समोर ठेवला जातो. अर्थ वीस दिसले तरी गाभा एक, हे मुलांना सांगितलं की त्यांना पाठ करावं लागत नाही.

नवीपेठ_डीटीपी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तपशिलात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. टिल्ड लावून प्रेझेंट बसवला, प्रोजेक्ट, रेकॉर्ड आणि मिनिट पण टाकले, पानं बऱ्यापैकी सरळ झाली, एक-दोन ठिकाणी अक्षरांमधलं अंतर किंचित कमी करून ओळ ओढून घेतली.

आता मराठीचा प्रश्न, कारण स्मरणिकेत मागं मराठी विभाग आहे. तिथं जुन्या फॉन्टमधला मजकूर आलाय, युनिकोड नाही, आणि त्यात तर शब्द असा तुटतो की वेलांटी वरच्या ओळीत राहते आणि तिचं अक्षर खाली. आणि युनिकोडमधे पण 'रेकॉर्ड' शब्दाचं 'रेकॉ' वर आणि 'र्ड' खाली असं आलेलं मी पेपरात बघितलंय, ते बघवत नाही. याला नियम काय?

जुना_जुळारी

खिळे जुळवण्यापासून या धंद्यात आहे, सांगतो. आधी वेलांटीचं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि कॉम्प्युटरला ती सगळी इंग्रजी अक्षरंच वाटतात, त्यामुळं इंग्रजीचे नियम लावून तो तोडायला बघतो. मराठी मजकूर निवडून भाषेच्या जागी 'नो लँग्वेज' करा, तोडायचं थांबेल, मग जिथं पाहिजे तिथं तुम्ही स्वतः मर्जीचा हायफन टाका.

तोडायचं कसं, तर शाळेच्या व्याकरणात संयोगचिन्हाची दोनच कामं दिलीत, दोन शब्द जोडणं आणि ओळीच्या शेवटी शब्द अपुरा राहिला तर तो दाखवणं. कुठं तोडायचं ते तिथं लिहिलेलं नाही, ते छापखान्यात हातानं शिकायचं. आम्हाला शिकवलं ते असं, जोडाक्षर कधी फोडायचं नाही, मात्रा-वेलांटी अक्षरापासून सुटू द्यायची नाही, एकटं अक्षर वर किंवा खाली ठेवायचं नाही, आणि रफार ज्या अक्षरावर आहे त्यानं ओळ सुरू करायची नाही. र्ड मधला र बोलताना कॉला चिकटलेला असतो, लिहिताना ड च्या डोक्यावर, म्हणून तो शब्द रे-कॉर्ड असाच तुटेल, आणि तिथं रे एकटा राहतो, तेव्हा तोडूच नका, अख्खा खाली न्या.

आणि शब्दाची फोड बघायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. रूपाभवानीच्या नवरात्राचं काम आलं की मालक स्वतः प्रूफ बघायचे, कारण अरुंद कॉलमात 'नवरात्रोत्सव' हा शब्द 'नवरा' वर आणि 'त्रोत्सव' खाली असा तुटला की देवीच्या कार्यक्रमात भलताच शब्द छापला जायचा. तो नव-रात्रोत्सव असाच तोडायचा. तुमच्या इंग्रजी प्रेझेंटमध्ये पण तेच आहे की, 'हजर' वाला चुकीचा तोडला तर खालच्या ओळीत 'सेंट' म्हणजे पाठवलं असा सुटा शब्द दिसतो.

नवीपेठ_डीटीपी

दादा, नो लँग्वेज केलं, वेलांट्या जागेवर आल्या. नवरात्रोत्सवचं तर मी आता भिंतीवर लिहून ठेवतो. एकच राहिलं, प्रेझेंटेड, प्रेझेंटेशन, प्रेझेंटली, प्रेझेन्स, हे सगळे पण टिल्ड लावून बंद करू का? ते खूप आहेत, सगळे बंद केले तर परत भगदाडं पडतील.

मास्तर_इंग्रजीचे

नको नको, ते बंद करू नका. शेपूट लागलं की शंका संपते. प्रेझेंटेड हे क्रियापदच असणार, म्हणून पी-आर-ई वर तोडा. प्रेझेंटेशन पण पी-आर-ई वर, आणि पुढं सेन, टे, शन असं कुठंही चालेल. प्रेझेंटली आणि प्रेझेन्स हे हजर-चालू या बाजूचे, त्यांचा एस वर ठेवा. दोन अर्थांत अडकतात ते फक्त नुसता प्रेझेंट आणि एस लावलेला प्रेझेंट्स, म्हणून तर टेकवाल्यांनी सांगितलेल्या त्या चौदाच्या यादीत हे दोनच आहेत, बाकीचे नाहीत. तेवढे दोन बंद ठेवा, बाकी युजर डिक्शनरीत टिल्ड मधे लावून बरोबर जागा दाखवून द्या.